पेटी निवडणारे सर

कुठलाही प्रोग्राम उघडायला टाकला की सर सतराचा पाढा म्हणायला लागायचे. मोठ्याने, भर वर्गात, हात मागे बांधून. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. पडद्यावर खिडकी उमटली की थांबायचे आणि वहीत लिहायचे. कुणाचा प्रोजेक्ट सतरा त्रिकला उघडला, कुणाचा सतरा पाचेला. पाढा संपला तर रागवायचे नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. आमच्या वर्गातल्या एकाच्या प्रोजेक्टमध्ये सुरुवातीला गोल फिरणारा चकचकीत लोगो होता. तो दुसऱ्या पाढ्यातल्या सतरा चोकला उघडला. सर म्हणाले, "दिसायला देखणा आहे. पण कामावर जेवणाच्या सुट्टीनंतर येतो."

सगळे हसले. मी हसले नाही, कारण पुढचा नंबर माझा होता.

सरांचं आयुष्य बटणांत गेलं होतं. एका मोठ्या कारखान्यात ते कंट्रोल पॅनेल बनवायचे. लोखंडी कपाटाएवढी पेटी, तिच्यावर हिरवी-लाल बटणं, दिवे, फिरवायच्या मुठी. निवृत्त झाल्यावर भोपाळमधल्या आमच्या कॉलेजात आठवड्यातून तीन दिवस शिकवायला यायचे, बाग सेवनियाहून मोपेडवर, पायात अजूनही कारखान्यातले लोखंडी टोकाचे बूट. विषय डेस्कटॉप सॉफ्टवेअर. म्हणजे मोबाइलवर नाही, ब्राउझरमध्ये नाही, सरळ कॉम्प्युटरवर बसवून चालवायचं सॉफ्टवेअर. वर्गातल्या बऱ्याच जणांना हा विषय कधीच संपला असं वाटायचं. मलाही वाटायचं, पण मी तसं बोलत नव्हते. मी तेव्हा फारसं काहीच बोलत नव्हते.

पहिल्याच तासाला त्यांनी पिशवीतून एक हिरवं बटण काढलं, खरंखुरं, मुठीएवढं, आणि बाकांवरून फिरवलं. प्रत्येकाने ते दाबायचं आणि सांगायचं, दाबलं गेलं हे तुला कशावरून कळलं. कुणी म्हणालं आवाज आला, कुणी म्हणालं बोटाला जाणवलं. माझ्यापर्यंत पोचलं तोवर चांगली उत्तरं संपली होती. मी खरं ते सांगितलं, की मला नीट कळलं नाही म्हणून मी दोनदा दाबलं. मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. सर फळ्याकडे वळले.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "माणूस बटण दोनदा दाबतो तेव्हा चूक बटणाची असते."

माझं चुकलेलं उत्तर वर्गाने वहीत लिहून घ्यावं, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

ही त्यांची श्रद्धाच होती. लिफ्टपाशी कुणी तीनतीनदा बटण दाबायला लागलं की सर त्या माणसाकडे नाही, बटणाकडे रागाने बघायचे. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असायची. एटीएममध्ये गेले की पैसे काढायच्या आधी पडद्यावरची बटणं मोजायचे; मागचे लोक काय म्हणतात याचं त्यांना काही नसे. एकदा दस नंबर मार्केटमधल्या मिठाईच्या दुकानात मला आणि माझ्या मैत्रिणीला ते दिसले. बिल करणाऱ्या माणसाच्या अगदी मागे, काउंटरच्या आत, शांत उभे. मालकाने दोनदा विचारलं, अंकल, क्या चाहिए. सर म्हणाले, "कुछ नहीं, आप काम करो, मैं देख रहा हूँ." मालकाला काय वाटलं देव जाणे, त्याने घाईघाईने पाव किलो काजूकतली बांधली. सरांनी डबा परत केला आणि सांगितलं की तुमच्या पडद्यावर 'रद्द' आणि 'पक्का' ही दोन बटणं एकमेकांना चिकटली आहेत, मध्ये बोटभर जागा सोडायला सांगा. मालक आम्हालाच विचारायला लागला की हे कुठल्या खात्याचे साहेब आहेत.

आता पेटीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच आहे. खिडकी, बटण, यादी, लिहायचा चौकोन हे काही प्रोग्राम लिहिणारा स्वतः कोरून काढत नाही. त्याचे तयार संच मिळतात, टूलकिट म्हणतात त्यांना. कुणी टिकिंटर घेतो, कुणी क्यूटी, कुणी इलेक्ट्रॉन. एकदा घेतला की सगळं काम त्याच्यावर उभं राहतं, मध्येच बदलायचा म्हणजे घर पाडून पुन्हा बांधायचं. सर त्याला पेटी म्हणायचे, सुताराच्या अवजारांची असते तशी. कुठली पेटी चांगली हे त्यांनी कधीही सांगितलं नाही. विचारलं की उलट विचारायचे, "कुणासाठी?" आपण म्हणायचं, युजरसाठी. मग सर खुर्चीवर रेलून बसायचे.

"युजर नावाचा माणूस मला या भोपाळमध्ये अजून भेटलेला नाही. तुला भेटला तर चहाला घेऊन ये."

माझी अडचण वेगळीच होती. माझे बाबा बैतूलकडे लाकडं कापायच्या एका आरा मशीनवर काम करतात, आई तिथल्याच शाळेत दुपारचं जेवण शिजवते. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. काही निवडायची वेळ आली की घरी विचारावं तर आई म्हणायची, तुला जास्त कळतं. आणि मला तर काहीच कळत नसायचं. कुठला फॉर्म, कुठला विषय, कुठलं होस्टेल. मग मी आजूबाजूला बघायचे आणि बाकीचे करतात ते करायचे. यात एक सोय असते, चुकलं तर सगळ्यांचं चुकतं. वर्गातल्या निम्म्याहून जास्त जणांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला इलेक्ट्रॉन घेतलं होतं. मीही घेतलं.

प्रोजेक्ट मात्र मला इतरांसारखा मिळाला नाही. तुलसी नगरात एका ट्रस्टचा दवाखाना आहे. तिथे सकाळी पेशंट आला की आधी खिडकीवर पर्ची बनते. नाव, वय, गाव आणि कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते छापलेला कागद. ही पर्ची बनवणारं सॉफ्टवेअर फार जुनं होतं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि ते ज्या कॉम्प्युटरवर चालायचं तो आता महिन्यातून दोनदा बंद पडायचा. ट्रस्टने कॉलेजला विचारलं, कॉलेजने वर्गाला विचारलं, कुणी हात वर केला नाही. मग विभागप्रमुख मॅडमनी माझं नाव लिहिलं.

खिडकीवर एक बाई बसायच्या. त्यांना सगळे दीदी म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. बावीस वर्षं त्याच खुर्चीवर. मी पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारी स्टूलवर बसले आणि मला वाटलं, या काम करतच नाहीत. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. समोरच्या माणसाकडे बघत होत्या, त्याच्याशी बोलत होत्या. अम्मा, अकेली आई हो? खाँसी कब से है? भैया, आप बैठ जाओ, चक्कर आ रहा है आपको. आणि या बोलण्याच्या खाली बोटं चालू होती. पडद्यावर नावाचा चौकोन उघडायच्या आत त्यांनी नाव लिहून संपवलेलं असायचं, त्या गावावर पोचलेल्या असायच्या. जुनं सॉफ्टवेअर हळू होतं, पण इमानदार होतं; मागे राहिलेलं सगळं सावकाश लिहून काढायचं. मग प्रिंटर खरखरला की त्या न बघताच हात मागे नेऊन पर्ची फाडायच्या.

मी हे सगळं पाहिलं. पाहिलं, पण माझ्या लक्षात आलं नाही.

माझा पहिला प्रोग्राम सुंदर होता. निळा-पांढरा रंग, गोल कोपरे, एकेक पान उजवीकडून अलगद सरकत यायचं. सरांनी कॉलेजात उघडला तेव्हा सतरा पाचेपर्यंत गेले, वहीत लिहिलं, आणि विचारलं, दीदींना दाखवलास का. मी म्हटलं, परवा सरळ खिडकीवरच लावणार आहोत. सरांनी वही मिटली. त्या दिवशी ते स्वतः येऊन दवाखान्याच्या हॉलमधल्या बाकावर बसले.

अर्ध्या तासात रांग फाटकापर्यंत गेली. दीदी नेहमीसारख्या समोरच्याकडे बघून टाइप करत होत्या, आणि माझं पान सरकत येईपर्यंत त्यांनी दाबलेली अक्षरं कुठेच जात नव्हती. रामकलीची पर्ची नुसत्या 'कली' नावाने छापली गेली. एका आजोबांच्या वयात पहिला आकडा गळला आणि ते सहा वर्षांचे होऊन बालरोग विभागात गेले. लोक पर्च्या घेऊन परत खिडकीवर येऊ लागले. दीदी पहिल्यांदा पडद्याकडे बघून एका बोटाने टाइप करायला लागल्या आणि मग रांग हललीच नाही. साडेअकराला ट्रस्टचे सचिव आले. त्यांनी रांग बघितली, पर्च्या बघितल्या, आणि दीदींकडे बघून हळहळल्यासारखं म्हणाले, दीदी से अब कंप्यूटर नहीं होगा.

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की तीन आठवड्यांनी, सोमवारी, नवीन सॉफ्टवेअर पुन्हा लावायचं. तेव्हाही असंच झालं तर दीदींना मागच्या रेकॉर्ड रूममध्ये बसवायचं आणि खिडकीवर कुणी तरुण आणायचं. रेकॉर्ड रूमला खिडकी नाही, फायली आहेत. दीदींनी मान हलवली. मला म्हणाल्या, गलती मेरी ही होगी बेटा, उम्र हो गई.

मी तिथेच उभी होते. चूक माझी आहे हे मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.

बाहेर सर मोपेडपाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "अक्षरं कुठे गेली?"

मी म्हटलं मशीन हळू आहे. ते म्हणाले, मशीन तर तेच राहणार. मी म्हटलं, दीदींनी पान उघडेपर्यंत थोडं थांबून टाइप केलं तर होईल.

सरांनी मोपेडचा आरसा सरळ केला. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी माणसाकडे बघायचं सोडायचं आणि तुझ्या प्रोग्रामकडे बघायचं."

मी त्या दिवशी खोलीवर जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी सचिवांना चिठ्ठी लिहिली की चूक दीदींची नाही, माझी आहे. त्यांना वाटलं, मुलगी चांगली आहे, म्हाताऱ्या बाईला सांभाळून घेते आहे. चिठ्ठीचा तेवढाच उपयोग झाला. आता बोलून काही होणार नव्हतं, दीदींची बोटं खरी आहेत हे खिडकीवरच दाखवावं लागणार होतं.

मग आला तो रविवार, जो मी कधी विसरणार नाही. सरांनी मला एक छोटा प्रोग्राम लिहायला लावला होता. दीदींनी दाबलेलं प्रत्येक बटण आणि दोन बटणांमधला वेळ, एवढंच तो नोंदवणार होता. दवाखाना बंद होता. साठ खोट्या पेशंटांची यादी सरांनी स्वतः केली होती. दीदी यादी बघून टाइप करायला बसल्या आणि अडल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडल्या. ओशाळून म्हणाल्या, सामने आदमी नहीं है तो हाथ नहीं चलता.

सर उठले आणि खिडकीच्या बाहेर गेले. क्षणभर काही नाही. मग खिडकीत एक बहिरे आजोबा आले, कानाला हात लावून, नाव दोनदा चुकीचं सांगणारे. ते गेले आणि सीहोरचा एक दातदुखीवाला आला, गाल धरून. मग एक भांडखोर गृहस्थ, जे म्हणत होते की माझा नंबर आधी होता. मग ओढणी म्हणून डोक्यावर माझा रुमाल घेतलेली एक सासू, जी सुनेची तक्रार पोटदुखीच्या आधी सांगत होती. दीदी पहिल्या चौघांपर्यंत हसत होत्या. पाचव्यापासून त्या विसरल्याच की हे सर आहेत. त्यांनी एका 'खोकणाऱ्याला' पाणी देऊ केलं, एका 'घाबरलेल्याला' बाकावर बसवलं. सरांनी साठही पेशंट केले. चाळिसाव्यानंतर आवाज बसला, तर पुढचे सगळे घशाच्या डॉक्टरकडे गेले. मी स्टूलवर बसून नोंदी बघत होते. दीदींची बोटं पडद्याच्या किती पुढे असतात हे पहिल्यांदा मला आकड्यांत दिसलं, आणि हे दिसल्यावर मला माझ्या सरकत येणाऱ्या पानांची लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून पेट्यांची शर्यत. लॅबच्या कोपऱ्यात, चादरीखाली, सरांनी भंगारातून वाचवलेला एक म्हातारा कॉम्प्युटर होता. तो दुरुस्त करायला ते कुणाला देत नसत. म्हणत, हा सुधारला तर मला खरं कोण सांगणार. मी तीन पेट्यांमध्ये तोच पर्चीचा फॉर्म बनवला आणि दीदींची रविवारची सगळी बटणं, त्याच वेगाने, प्रत्येक फॉर्मवर सोडली. कुठला फॉर्म देखणा आहे हे दिसू नये म्हणून सर पाठमोरे बसायचे. मी फक्त हरवलेली अक्षरं मोजून सांगायची.

इलेक्ट्रॉनमधून पानांचं सरकणं काढलं तेव्हा हरवणं खूप कमी झालं, म्हणजे दोष पेटीपेक्षा माझाच जास्त होता. तरी त्या म्हाताऱ्या मशीनवर ते उघडायला वेळ घ्यायचं आणि मध्येच दम खायचं. क्यूटीत पहिल्या दिवशी एकही पर्ची पूर्ण झाली नाही. संध्याकाळपर्यंत मी डोकं धरून बसले. मग कळलं, की कीबोर्डवर एंटर दोन असतात, एक मोठा आणि एक आकड्यांच्या बाजूचा, आणि क्यूटी त्यांना दोन वेगळी बटणं मानते. दीदी उजव्या हाताने धाकटा एंटर मारतात. मी फक्त मोठ्याला विचारात घेतलं होतं. हे दुरुस्त केलं आणि क्यूटीत एक अक्षर हरवलं नाही. टिकिंटरमध्येही हरवलं नाही, कारण तोवर मी शहाणी झाले होते. सगळं एकाच खिडकीत ठेवलं होतं, काही उघडत नव्हतं, काही मिटत नव्हतं.

म्हणजे दोन पेट्या उरल्या. मी सरांना म्हटलं, आता तुम्ही सांगा.

"मला दोन्ही चालतील," सर म्हणाले. "मी खिडकीवर बसणार नाही आणि बिघडलं तर दुरुस्तीलाही येणार नाही."

आणि ते पोहे खायला निघून गेले. मला त्यांचा राग आला. दोन दिवस मी कुणालातरी विचारता येईल का हे बघत होते. वर्गातले सगळे म्हणाले क्यूटी, ते दिसायला फार चांगलं आहे, आणि खरंच होतं. मग सरांच्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग माझ्या डोक्यात फिरायला लागला. बिघडलं तर येणार कोण? मी दवाखान्यात गेले. तिथे कॉम्प्युटरचं सगळं कंपाउंडर बघतात. त्यांना पेन ड्राइव्हवरून फाइल उतरवता येते, तेवढंच येतं, आणि तेवढंच त्यांना पुरेसं वाटतं. टिकिंटरचं माझं सगळं काम एका छोट्या फाइलीत मावत होतं. बिघडलं तर जुनी फाइल काढायची, नवी ठेवायची. मी त्यांच्याकडून दोनदा करवून घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी मलाच शिकवलं.

मी टिकिंटर निवडलं. राखाडी, चौकोनी, साधं. आयुष्यात पहिल्यांदा बाकीचे काय करतात हे माहीत असूनही.

मॅडमना धक्का बसला. त्या माझ्या काळजीनेच म्हणाल्या, बेटा, ये तो बहुत पुराना दिखता है, एक्सटर्नल क्या बोलेंगे. तरी मी म्हटलं, "मैडम, दीदी स्क्रीन देखती ही नहीं हैं." त्यांनी मला आजवर एवढं लांब वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. पुढे परीक्षेला बाहेरून आलेल्या एक्सटर्नलनी रंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनी माउस बाजूला ठेवला आणि म्हणाले, आता चालवून दाखव. मी दाखवलं.

सरांनी राखाडी खिडकी बघून शाबासकी वगैरे दिली नाही. पट्टी काढून पर्चीच्या नंबराचा आकडा मोजला आणि थोडा मोठा करायला सांगितला. मग विचारलं, पर्ची छापून झाली हे दीदींना कळणार कसं? जुना प्रिंटर खरखरायचा, ट्रस्टने आता घेतलेला नवा गप्प असतो. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून ते हिरवं बटण काढलं, माझ्या मोबाइलपाशी धरलं आणि एकदा दाबलं. तोच टक आवाज मी प्रोग्राममध्ये घातला.

तो सोमवार आला. सणांनंतरचा सोमवार, आठच्या आधीच हॉल भरलेला. सर बाकावर बसले होते, पेशंटांच्या मध्ये. मी आत स्टूलवर. दीदींनी बोटं मोडली, पदर खोचला, पहिल्या बाईकडे बघितलं आणि विचारलं, नाम बताओ अम्मा.

टक.

पहिली पर्ची मी उचलून वाचली. दुसरीही. पाचवीपर्यंत मी प्रत्येक नावातलं प्रत्येक अक्षर बघत होते. दहाव्या-बाराव्या पर्चीला दीदी एका माणसाला त्याच्या मुलीच्या लग्नाचं विचारत होत्या आणि बोटं खाली एकटीच धावत होती, नाव, वय, गाव, विभाग, धाकटा एंटर, टक. मी मोजायचं सोडून दिलं. खिडकीबाहेरचे चेहरे एकामागून एक बदलत होते. नऊला रांग हॉलच्या दारात होती, दहाला हॉलमधल्या पाण्याच्या टाकीपाशी, अकराला खिडकीपासून सहा माणसं. कुणी पर्ची घेऊन परत आलं नाही. एकही जण परत आला नाही. आतून एक नर्स येऊन म्हणाली की जरा हळू पाठवा, डॉक्टरांना चहा प्यायला वेळ मिळत नाहीये. दीदींनी तिलाही विचारलं, तू नाश्ता करके आई कि नहीं.

साडेबारा वाजता खिडकीसमोर कुणीच नव्हतं. दीदींनी चहा मागवला. बावीस वर्षांत या वेळी त्या कधी चहा प्यायल्या नव्हत्या असं कंपाउंडर म्हणाले.

एक वाजता सचिव आले. त्यांनी रिकामा हॉल बघितला, खिडकीत कपबशी घेऊन बसलेल्या दीदी बघितल्या, शेजारी मी, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, मुझे पता था. खिड़की बंद क्यों है? सुबह से लोग आए थे, सब कहाँ गए?

दीदींनी बशी खाली ठेवली.

"लोग ख़तम हो गए, साहब."

सचिवांना कळेना. कंपाउंडरनी दवाखान्यासाठी छापलेल्या पर्च्यांच्या दुसऱ्या प्रतींचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. ते उभ्याउभ्या चाळायला लागले, मग खुर्ची ओढून बसले. पूर्ण नावं, पूर्ण वयं, कुणी आजोबा बालरोग विभागात नाहीत. मी उठून उभी राहिले. म्हटलं, साहब, पिछली बार भी गलती दीदी की नहीं थी, मेरी थी, मैंने गलत चीज़ चुनी थी. या वेळी त्यांनी माझं बोलणं चांगुलपणा म्हणून सोडून दिलं नाही. गठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दीदींकडे. आणि जरा अडखळत विचारलं, तो दीदी, कल से आठ बजे?

"मैं तो बाईस साल से पौने आठ बजे आती हूँ," दीदी म्हणाल्या.

सचिव हसले. कंपाउंडर तर टाळ्याच वाजवायला लागले. मला इतकं मोकळं वाटलं की मी तिथून बाबांना फोन लावला आणि काय झालं ते सांगताच येईना. मागे आरा मशीनचा आवाज येत होता. बाबा एवढंच विचारत राहिले, पण जमलं ना? जमलं ना? मी म्हटलं, जमलं.

फोन ठेवला तेव्हा सर बाकावरून उठून खिडकीपाशी आले होते. मला वाटलं, पट्टी काढणार. त्यांनी दोन्ही हात खिडकीच्या फळीवर टेकले आणि दीदींना म्हणाले की मलाही एक पर्ची हवी आहे, गुडघा दोन महिन्यांपासून दुखतोय. दीदींनी त्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं, मग आजवर बोलला का नाहीत. सर उत्तर देणार तेवढ्यात, वय न विचारताच, टक झालं आणि पर्ची त्यांच्या हातात आली. नाव बरोबर, बाग सेवनिया बरोबर, हाडांचा विभाग बरोबर. सरांनी चष्मा वर करून ती नीट वाचली, दोनदा.

"उम्र चार साल कम है," ते म्हणाले.

"वो मशीन की गलती नहीं है," दीदी म्हणाल्या. "जाइए, डॉक्टर साहब फ़ुरसत में बैठे हैं."